अर्ज स्वहस्ते लिहिलेला असावा

अकोला, चैत्र वद्य ४, शके १७८६, इंग्रजी सन १८६४

विलायतेत यंत्रविद्या शिकायला गेलेल्या माझ्या माणसास त्याच्या मयत बायकोचा नमस्कार.

रागावू नका. मायना काय घालावा हे खरेच सुचेना. बायकोने नवऱ्याचे नाव घ्यायचे नसते, पण उद्धव त्रिंबक हे नाव त्या अर्जात आणि निबंधात मिळून मी सतरा वेळा लिहिले आहे. आता लाजायचे तरी कुणाला?

तुम्ही बोटीतून सुखरूप उतरल्याचे सासूबाईंकडून समजले आणि जीव भांड्यात पडला. तिकडे थंडी फार म्हणतात. लोकरीची बंडी ट्रंकेच्या तळाशी आहे, शोधत बसाल म्हणून सांगते.

इकडचे असे की पार्बताआत्याने मला आतली खोली दिली आहे. खिडकी एकच, ती मोर्णा नदीकडे उघडते. तुमचा हुकूम होता की बाजाराच्या दिवशी ओट्यावर बसायचे नाही, अमरावतीचा कोणी अडत्या ओळखेल. अहो, अमेरिकेत लढाई लागून तिकडचा कापूस बंद झाल्यापासून इथे रोजच बाजार आहे. कपाशीच्या गाड्या दारापर्यंत लागलेल्या असतात आणि अर्धी अमरावती या रस्त्याने जाते-येते. म्हणजे मी ओट्यावर कधीच बसायचे नाही, एवढाच त्या हुकमाचा अर्थ झाला. पाणी आत्या आणते. साठीची बाई घागर वाहते आणि मी धडधाकट आत बसून ताक घुसळते, याची मला लाज वाटते.

शेजारच्या माणिकबाई काल आत्याला विचारत होत्या, "तुमच्या भाचीचे मालक कुठी असतात वो?"

"काशीले गेले," आत्या म्हणाली.

"काशीले काहून?"

"शिकाले."

तेवढे तरी खरे सांगितले.

सगळे तुम्हाला ठाऊक आहे, तरी एकदा लिहून काढते, कारण इथे ते कुणापाशी बोलता येत नाही. अमरावतीच्या धर्मादाय मंडळींनी कापसाच्या दर बोज्यामागे थोडे थोडे काढून ठेवले आणि ठरवले की वऱ्हाडातला एक होतकरू तरुण सूत कातायची यंत्रे शिकायला विलायतेस पाठवू. अटी दोन. एक, उमेदवाराच्या मागे बायको-मूल नसावे, कारण बायको असली की माणूस अर्ध्यातून परत येतो. दुसरी, अर्ज आणि निबंध बाळबोध अक्षरात, स्वहस्ते लिहिलेला असावा. तुम्हाला बायको होती आणि तुमचे अक्षर तुम्हालाही लागत नव्हते. दोन्ही अडचणींवर तुम्ही एकच उपाय काढला, तो मी: मरायचेही मीच आणि लिहायचेही मीच.

"दीड वर्षाचा तर प्रश्न आहे, जमुना. आलो की सांगू, खबर खोटी होती." असे तुम्ही म्हणालात आणि मी होय म्हटले. कुणी माझा हात धरून होय म्हणवले नाही, हे मला आठवते आहे.

मला इथे कुणी जमुना म्हणत नाही. आत्या 'पोरी' म्हणते, बाकी सगळे 'पार्बताबाईची भाची'. तुम्ही पत्रात दोन वेळा जास्त लिहा.

———

अकोला, श्रावण शुद्ध ९, शके १७८६

तुमच्या पहिल्या सहामाहीची हकीकत पोचली. चार पाने मोडीत, आणि मोडी तरी कसली, शाईत पाय बुडवून मुंगळे चालले आहेत. तीन दिवस लागले. 'वाफेचे यंत्र' की 'वांग्याचे यंत्र' हे ठरवण्यातच एक सकाळ गेली. बाळबोधात उतरवून सासूबाईंकडे अमरावतीला पाठवली. त्यांनी ती मंडळींचे चिटणीस शेषराव यांच्या हाती दिली आणि सांगितले की आपल्याला आलेल्या पाकिटातून निघाली. शेषराव म्हणाले म्हणे, "अक्षर पाहा, नुसते मोती. असा पोरगा धाडला म्हणून मंडळीचं नाव झालं."

पानाच्या शेवटी मी खूण केली नाही. तुम्ही बजावले होते म्हणून. हात मात्र सवयीने तिथवर गेला होता. माझे वडील बाळापूरला पोथ्या उतरवून देत, आणि पोथी पुरी झाली की शेवटी दोन दंड, मध्ये छ, पुन्हा दोन दंड. आता याच्यापुढे कुणी काही घुसडू नये, हा त्याचा अर्थ. मी आठ वर्षांची असताना त्यांच्या शेजारी बोरू घेऊन बसले ती अशीच शिकले. तुमच्या निबंधाखालीही ती खूण माझ्या हातून गेली. तुम्ही केवढे चिडलात. पण निबंध मंडळींपुढे गेलेला होता आणि त्यांना ती खूण मोठी शास्त्रोक्त वाटली.

आता एक कबूल करायचे आहे. तुम्हाला वाटते निबंध तुम्ही लिहिला आणि मी उतरवला. तुम्ही लिहिले होते, 'माझी पत्नी नुकतीच पटकीने निवर्तली, सबब मागे पाश नाही.' बस्स. त्याच्या अलीकडे यंत्रे, पलीकडे यंत्रे. मला ते वाचून राग आला. मेलीच आहे तर नीट तरी मरू दे, असे वाटले. म्हणून मी तो परिच्छेद घातला. ती अंथरुणावर पडली आहे, घसा कोरडा पडला आहे, आणि ती म्हणते की समई माझ्याजवळ नको, त्यांच्या पुस्तकाजवळ सरकवा, मला आता काय दिसायचे आहे. असले काही मी कधी म्हणाले नव्हते. त्या घरात समई एकच होती आणि ती मलाही लागायची.

मी तुम्हाला ते पान वाचायला दिले. वाटले, तुम्ही वाचाल आणि म्हणाल, नको, फाडून टाक, हे नाही करायचे. तुम्ही वाचले, आणि विचारले, "एक पान जास्त नाही ना होत?"

त्याच परिच्छेदावर तुमची निवड झाली. ऐकणारे डोळे पुसत होते म्हणे. मला त्याचा अभिमान वाटला हेही लपवत नाही. चांगले लिहिले होते मी.

मी इकडे आल्यावरचे मला आत्याकडून कळले. सुतक पाळणार नाही असे तुम्ही म्हणाला होता. मग लोक विचारतील म्हणून सासूबाईंनी आग्रह धरला आणि तुम्ही दहावाही केलात. ओढ्यावर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. म्हणजे माझी काही इच्छा उरलेली नाही, असे त्या कावळ्याचे मत पडले. त्या दिवशी मी इथे भरीत-भाकरी खाल्ली होती, आणि पोटभर खाल्ली होती.

आत्या म्हणते, हे तुम्ही वाईट केले. ज्याचा दहावा झाला तो जिवंत परत आला तर तसाच घरात घेता येत नाही. त्याला तुपाने भरलेल्या नांदेत बसवून काढतात, मग जातकर्म, मग बारसे, आणि बाईमाणूस असेल तर त्याच नवऱ्याशी पुन्हा लग्न. "तुले पुन्ना जल्म घ्यावा लागन, पोरी," असे ती ताक घुसळता घुसळता म्हणाली. हे तुम्हाला ठाऊक होते का? ठाऊक असून केले असेल तर कळवू नका.

———

अकोला, पौष वद्य १, शके १७८६

संक्रांत झाली. तिळगूळ पाठवता येत नाही, पत्रावरच गोड मानून घ्या.

आता जे लिहिते ते बसून वाचा. शेषराव अकोल्याला आले होते. कापसाचा भाव असा चढला आहे की मंडळींना धर्म कुठे करू आणि कुठे नको झाले आहे. त्यांनी ठरवले की अकोल्यात मुलींची शाळा काढायची. बायकांना समजावून सांगायला माणिकबाईंच्या अंगणात पडदा लावला होता. आत्या म्हणाली, सगळी आळी जाते आहे, तूच घरी राहिलीस तर जास्त दिसेल. म्हणून मी पडद्यामागे, भिंतीला लागून बसले.

शेषराव तुम्ही सांगितलेत तसेच आहेत. मोठे पागोटे, बारीक आवाज, आणि डोळ्याला लगेच पाणी. विद्येचे मोल बायकांना किती असते हे सांगायला त्यांनी पिशवीतून एक कागद काढला आणि वाचू लागले. पहिल्या शब्दाला मी ओळखले. समई माझ्याजवळ नको.

सगळ्या रडल्या. माणिकबाईंनी माझ्या खांद्यावर डोके ठेवून पदर ओला केला. "कशी देवमानूस बाई होती वो," म्हणाल्या. मी कोरडी राहिले असते तर कुणी पाहिले असते, म्हणून मीही पदर डोळ्याला लावला. लावला आणि मग खरेच रडू आले, आणि थांबेना. मला त्या बाईची दया आली. तिला कुणी विचारलेच नव्हते की तुला मरायचे आहे का.

मग शेषराव म्हणाले, "अशा साध्वीचं नाव या शाळेले द्याचं मंडळीनं ठरवलं हाय. जमुनाबाई कन्याशाळा."

वर्षभरात माझे नाव मी पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकले, ते असे.

शाळा ज्येष्ठात उघडणार. शिकवायला बाईच हवी, कारण पुरुष मास्तराकडे कुणी मुली पाठवणार नाही. शुद्ध बाळबोध लिहिणारी बाई वऱ्हाडात मिळेना म्हणून शेषराव हवालदिल आहेत. ज्या कुणा बाईला येत असेल तिने अर्ज करावा. स्वहस्ते.

मी तुमच्याकडे परवानगी मागते. दुसरे नाव घेईन, काशीला गेलेल्या माणसाची बायको म्हणून जाईन. रोज दोन प्रहर घराबाहेर पडता येईल. या खोलीत मला वेड लागायची पाळी आली आहे. खिडकीतून दिसणाऱ्या बाभळीच्या फांद्या मोजून झाल्या. एवढे कराच. उत्तराची वाट पाहते.

———

अकोला, चैत्र शुद्ध १२, शके १७८७, सन १८६५

उत्तर मिळाले. 'धीर धर. अर्ज करू नकोस, अक्षर ओळखतील. माझे सर्व त्या अक्षरावर उभे आहे.'

बरोबर आहे तुमचे. शेषरावांच्या पिशवीत तो निबंध कायम असतो. माझ्या हातचा दुसरा कागद त्यांच्यापुढे गेला तर आंधळ्यालाही कळेल. मी डाव्या हाताने लिहून पाहिले. ते हुबेहूब तुमच्यासारखे आले, म्हणून तोही नाद सोडला.

माझे वडील जाताना मला काही देऊन गेले नाहीत, हे एक अक्षर सोडून. ते मी तुमच्या नावे करून बसले. माझ्या हाताने मी आता स्वतःसाठी एक ओळ लिहू शकत नाही. हे मला सगळ्यात जास्त लागले. मरणे एवढे लागले नव्हते.

दीड वर्ष संपायला चार महिने उरले. भिंतीवर रेघा ओढते आहे. या आता.

———

अकोला, ज्येष्ठ शुद्ध ३, शके १७८७

तुमचे जाड पाकीट पोचले. मला वाटले, परत येण्याची तारीख असेल. आत्याला सांगितले, आज पुरण घाल.

पाकिटात मुदतवाढीच्या अर्जाचा मसुदा निघाला. आणखी तीन वर्षे. सोबत मला दोन ओळी: 'नेहमीप्रमाणे सुवाच्य उतरवून आईकडे पाठव. मागच्यासारखे काही हृदयाला भिडणारे घातलेस तर उत्तम.'

मी मसुदा उतरवायला बसले. खोटे सांगत नाही, बसले. बोरू तासला, शाई घोटली, पहिले पान पुरे केले. दुसऱ्या पानावर तुमचे वाक्य आले: 'स्वदेशी माझी वाट पाहणारे कोणी नसल्याने विलंबाने कोणाची हानी होणार नाही.'

उद्धवराव, ही अट आता कुणी घातली नव्हती. मंडळींनी हे विचारलेच नव्हते. पहिल्या वेळी तुम्हाला खोटे लिहावे लागले असे मी धरून चालले होते. यावेळी तुम्ही आपण होऊन लिहिलेत, आणि लिहिताना तुम्हाला ते खोटे वाटले नाही. मसुद्यात तिथे खाडाखोड नाही, बाकी सगळीकडे आहे.

आत्या पुरण वाटत होती. मी तिला जाऊन ते वाक्य वाचून दाखवले. तिने पाट्यावरचा हात थांबवला नाही.

"मंग आता काय करशीन?"

"मी त्या शाळेत अर्ज करते."

"लोक नावं ठेवतीन."

"ठेवू देत."

तेव्हा ती हसली. "तेबी खरंच हाय. मेलेलीले कोण नाव ठेवते? जाय. थांब, मीच येतो संगं."

मी दुसरा कागद घेतला. सहा ओळींचा अर्ज लिहिला. हृदयाला भिडणारे काही घातले नाही. मला लिहिता-वाचता येते, बाळापूरला वडिलांपाशी शिकले, काम हवे आहे. खाली माझे नाव लिहिले, आणि त्याच्याखाली खूण केली. यावेळी हात आपसूक गेला नाही. मी मुद्दाम नेला.

भर दुपारी, डोक्यावर पदर घेऊन, ओट्यावरून उतरून, गाड्यांच्या मधून आम्ही गेलो. पायाला तापलेली माती लागली. वर्ष-सव्वा वर्षात पाय भाजणे मी विसरून गेले होते आणि मला ते बरे वाटले.

शाळा रुईच्या वखारीवरच्या माडीवर आहे. जिन्यापाशी एक रंगारी पाटी रंगवत बसला होता. शेषराव वर एकटेच होते. त्यांनी अर्ज घेतला, चष्मा लावला, आणि पहिल्याच ओळीला चष्मा काढून पुसला. मग पिशवीतून तो निबंध काढला आणि दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. खालच्या दोन खुणांवर आळीपाळीने बोट ठेवले.

"बाई, हे अक्षर कोनाचं?"

"माझं."

"अन् हे?"

"तेही माझंच."

"उद्धवरावानं तुमच्याकून लिहून घेतलं? तुमी कोन लागता त्याच्या?"

आत्याने कोपर मारले. "सांग ना. आता काहून मुकी बसून राहिली?"

मी म्हटले, "खाली पाटीवर जिचं नाव काढताहेत, ती मी."

त्यांचा चेहरा पाहून मला भीती वाटली. वाटले ओरडतील. पण ते दुखावल्यासारखे झाले. "मी तुमच्यासाठी चार गावात रडलो, बाई," म्हणाले.

"ठाऊक आहे. एकदा पडद्यामागे मी होते."

मग मी सगळे सांगितले, पटकी, सुतक, कावळा, हकीकती, सगळे. त्या परिच्छेदाचेही सांगितले. तुमच्यावर ढकलले नाही. मी होय म्हटले होते तेही सांगितले. ते ऐकून म्हणाले, दोन्ही कागद मंडळीपुढे ठेवावे लागतील, तुमची विलायतेची शिष्यवृत्ती बंद होईल. मी म्हटले, ठेवा. या कागदावरचे अक्षर आजवरचे सगळ्यात वाईट आले आहे, तरी तसेच पाठवते.

"अन् तुमाले जागा भेटन असं मी सांगू शकत नाई," शेषराव म्हणाले. "मेलेल्या मानसाचा अर्ज आमच्याकडं आजवर आला नाई."

"आता आला आहे," मी म्हटले.

तेवढ्यात खालून रंगाऱ्याने हाक दिली. "मालक, नावाच्या आंधी कैलासवासी लिवाचं होतं ना? जागा सोडली हाय."

शेषरावांनी माझ्याकडे पाहिले, आत्याकडे पाहिले. मग खिडकीपाशी जाऊन म्हणाले, "राहू दे. तेवढं नको लिहू."

मंडळींची बैठक पौर्णिमेनंतर आहे. काय ठरेल मला माहीत नाही. पण परतताना मी ओट्यावर बसले. संध्याकाळपर्यंत बसले. माणिकबाई आल्या तेव्हा त्यांनी विचारले नसताना मी माझे नाव सांगितले.

तुमचा मसुदा परत पाठवत आहे. मी उतरवलेले एक पान चुलीत घातले. सोबत दहा कोरे कागद आणि एक तासलेला बोरू ठेवला आहे. मंडळींना जे सांगायचे असेल ते आता तुम्ही लिहा, तुमच्या अक्षरात. लागेल तेवढे वाचतील.

मलाही एक पत्र लिहा, तसेच. तुपाची नांद नको म्हणून आत्याला सांगितले आहे. लग्नाचे मात्र शास्त्राप्रमाणे पुन्हा विचारावे लागेल, आणि यावेळी मला विचारावे लागेल. उत्तर काय देईन ते तुमचे पत्र वाचून ठरवेन.

जमुना

॥ छ ॥